नाकाबंदीत भाच्याचा मोबाईल चाळला. 'साहेब, लेखी द्या' असं कुणी कधी म्हटलंय का?

कोयनाकाठ | सोमवार, रात्री ९.४०

शहराचं नाव देत नाही, पश्चिम महाराष्ट्रातलं आहे एवढं पुरे. भाचा २१ वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. गेल्या शनिवारी रात्री साडेदहाच्या सुमाराला मेसमधून जेवून रूमवर निघाला होता, चौकात नाकाबंदी, बॅरिकेड लावलेले. "ए, बाजूला घे." लायसन्स मागितलं. आजकालची पोरं पाकीट बाळगत नाहीत, ह्यानं डिजिलॉकर उघडलं आणि मोबाईल पुढे केला. हवालदारानं मोबाईल हातात घेतला, लायसन्स बघितलं, आणि परत द्यायच्या ऐवजी बॅक मारून सरळ व्हॉट्सअ‍ॅपमध्ये घुसला. वर सर्चमध्ये 'माल' टाकलं, मग 'गांजा' टाकलं. 'माल' टाकल्यावर ह्याच्या वडिलांचे मेसेज आले, त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, "माल उतरवून घे" वगैरे. मग गॅलरी. "ही कोण?" मैत्रीण. "घरी माहितीय का?" मागं उभा असलेला दुसरा हसला.

पाचसात मिनिटं हा प्रकार. काही सापडलं नाही, "जा." ना पावती, ना नोंद, ना नाव विचारलं.

मला हे दोन दिवसांनी कळलं, तेही बोलता बोलता. तो म्हणतो, "मामा, मीच दिला ना हातात." बहीण म्हणते जाऊ दे, मारलं तर नाही ना. आणि मला राहून राहून वाटतंय की आपण सगळे "मारलं तर नाही ना" ह्या मापानं स्वातंत्र्य मोजायला लागलोय की काय. लोकशाही आहे, घटना आहे, कोर्टं आहेत, सगळं मान्य, पण रात्री साडेदहाला चौकात त्यातलं काय कामाला येतं? जाणकारांनी सांगा, हे कायद्यात बसतं का, आणि पोरानं नेमकं काय म्हणायला हवं होतं?

शंकासुर | सोमवार, रात्री ९.५५

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडेही झालंय हे.

नेमस्त | सोमवार, रात्री १०.२०

मला आवडणार नाही असं लिहिणं, पण लिहितो. माझ्या घराच्या मागच्या गल्लीत एमडी (मेफेड्रोन, नशेची पावडर) विकली जाते. कोण विकतं हे सगळ्या कॉलनीला माहीत आहे. माझी मुलगी अकरावीला आहे, क्लासवरून रात्री नऊला येते. पोलिसांनी दहा पोरांचे मोबाईल बघितले आणि त्यात एक विकणारा सापडला तर मी तरी पोलिसांना पेढे देईन. तुमच्या भाच्याचं पाच मिनिटं गेली, ठीक आहे ना. ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही त्यानं कशाला घाबरायचं.

भुईमूग | सोमवार, रात्री १०.३१

@नेमस्त, माझ्या फोनमध्ये माझं लपवण्यासारखं काहीच नाही. पण वहिनीचे सोनोग्राफीचे फोटो आहेत, तिनं घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही. एका मित्राची त्याच्या बॉसबद्दलची अडीच मिनिटांची व्हॉइस नोट आहे. आईच्या पेन्शनच्या पासबुकाचा फोटो आहे. मी दाखवायला तयार झाले तरी ह्या तिघांना कुणी विचारलं? फोन एकाचा असतो, आतला संसार पंधरा जणांचा असतो.

काळा_कोट | सोमवार, रात्री ११.४५

दिवसभर कोर्टात होते, आत्ता बघितलं. मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे नाकाबंदीत गाडीची कागदपत्रं बघायचा अधिकार आहे, त्यावर वाद नको. डिजिलॉकरमधलं लायसन्स चालतं. पण मोबाईलमध्ये दाखवलेलं लायसन्स बघणं वेगळं आणि मोबाईल बघणं वेगळं. म्हणजे कुणी दारात पत्ता विचारायला आला म्हणून कपाट उघडून बघत नाही.

आता झडतीचं. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसी (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) गेलं आणि बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) आलं हे माहीत असेलच. त्यात कलम १८५ आहे, विनावॉरंट झडतीचं. त्यासाठी आधी कुठल्यातरी गुन्ह्याचा तपास चालू असावा लागतो, अधिकाऱ्याला त्यासंबंधी काही सापडेल असं वाटायला कारण असावं लागतं, आणि ते कारण आधी लिहून ठेवावं लागतं. शिवाय नवीन कायद्यात झडतीचं आणि जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करायचं कलमही आलंय, १०५. मोबाईल किंवा त्यातली माहिती हजर कर असं सांगायचं असेल तर कलम ९४, तिथंही पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा आदेश लेखी. एनडीपीएसखाली (अमली पदार्थांचा कायदा) सार्वजनिक जागी झडतीचे अधिकार जास्त आहेत, पण तिथंसुद्धा संशयाला कारण लागतं, चौकातून जाणारा प्रत्येक पोरगा हे कारण नाही होत.

थोडक्यात 'चल, मोबाईल दाखव' ह्याला मला तरी कलम सापडलेलं नाही.

आणि वर २०१७ चा पुट्टस्वामी निकाल आहेच, नऊ न्यायमूर्ती, एकमतानं, खासगीपणा हा मूलभूत हक्क. सरकारला त्यात शिरायचं तर कायदा हवा, योग्य हेतू हवा, आणि जेवढ्यास तेवढंच शिरायचं. आपल्या केसमध्ये पहिल्याच पायरीवर गाडी अडते कारण कायदाच नाही.

आता गंमत सांगते. आपल्याकडे नागरिकाला वाचवणारे जे जे निकाल आहेत ते वाचत जा, सगळ्यांचा गाभा एकच निघतो, कागद करा. फोन टॅपिंगचा निकाल (पीयूसीएल) बघा, गृहसचिवाचा लेखी आदेश हवा, दोन महिन्यांची मुदत, वर समितीकडून तपासणी. अटकेबद्दलचा डी. के. बसू निकाल बघा, अटकेचा पंचनामा करा, त्यावर साक्षीदाराची सही घ्या, नातेवाइकाला कळवा, पोलिसांच्या छातीवर नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे. हे दोन्ही निकाल एकाच दिवशी आलेत, १८ डिसेंबर १९९६. मग जानेवारी २०२० चा अनुराधा भसीन निकाल, काश्मीरमधल्या इंटरनेट बंदीचा. त्यात कोर्टानं सांगितलं की नेट बंद करायचे, जमावबंदीचे आदेश प्रसिद्ध करा, म्हणजे लोकांना त्याविरुद्ध कोर्टात जाता येईल. तोंडी हुकमाला आव्हान कसं देणार, हवेत मुठी मारणार का?

म्हणून भाच्याला सांगा, हुज्जत घालायची नाही, कलमं म्हणून दाखवायची नाहीत, आवाज चढवायचा नाही. "साहेब, बघा की, पण लेखी द्या" एवढंच. नव्वद टक्के वेळा विषय तिथंच संपतो. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी आम्ही आहोत.

झणझणीत | मंगळवार, सकाळी ७.१०

वकीलबाई, कागदावर छान आहे हो. चौकात रात्री "लेखी द्या" म्हटलं की कानाखाली लेखी मिळतं.

शंकासुर | मंगळवार, सकाळी ७.१४

हसून हसून पुरेवाट. पण खरंय.

हवालदाराची_लेक | मंगळवार, सकाळी ११.०५

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिल्यावाचून राहवेना.

माझे बाबा हवालदार होते, एकोणतीस वर्षं नोकरी. गणपती म्हणजे आमच्या घरी बाबा नसायचे, एवढीच माझी गणपतीची आठवण. त्यामुळे कुणी सरसकट पोलिसांना शिव्या दिल्या की मला लागतं. पण झणझणीत ह्यांनी जे लिहिलंय ते खोटं आहे असं म्हणवत नाही.

तरी एक बाजू सांगते जी बाहेरून दिसत नाही. नाकाबंदीवरच्या माणसाला मोबाईल तपासायची हौस नसते. बारा तास उभं राहून पायाला गोळे आलेले असतात. वरून कुणीतरी वायरलेसवर किंवा ग्रुपवर म्हणतं, "पोरांचे मोबाईल बघा जरा." हे कुठं लिहिलेलं नसतं. आणि उद्या एखाद्या पोरीनं तक्रार केली, व्हिडिओ व्हायरल झाला, तर ज्यानं सांगितलं तो म्हणतो, "मी असं काही सांगितलंच नाही." निलंबन कुणाचं? हवालदाराचं. आमच्याकडे हे झालंय. मोबाईलचं प्रकरण नव्हतं, वेगळं होतं, पण असंच तोंडी. बाबा अकरा महिने घरी बसले. तेव्हापासून ते प्रत्येक गोष्ट स्टेशन डायरीला टाकायचे. बाकीचे हसायचे, 'लिहिणारे मामा' नाव पडलं होतं. "अमुक वाजता साहेबांच्या तोंडी आदेशावरून" असं स्वच्छ अक्षरात. मग साहेब लोक त्यांना तोंडी सांगायचे बंद झाले :)

म्हणजे लेखी मागणं हे पोलिसाच्या विरुद्ध नाही. खालच्या पोलिसाइतकी त्याची गरज कुणालाच नाही.

@कोयनाकाठ दादा, व्यावहारिक सल्ला. साहेबांना भेटायचा हट्ट धरू नका, दिवस जातो आणि "बघतो" एवढंच ऐकायला मिळतं. अर्ज लिहा, दोन प्रती काढा, आवक-जावकला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का, तारीख, आवक नंबर. भाषा साधी ठेवा. 'अत्याचार', 'दडपशाही' असले शब्द नकोत. तारीख, वेळ, जागा, काय झालं. बास.

नेमस्त | मंगळवार, दुपारी १२.३०

हे पटलं. म्हणजे माझा मुद्दा (एमडीचा) तसाच आहे, पण लेखी आदेश काढून करा म्हटलं तर माझी हरकत नाही. मला वाटत होतं तुम्ही लोक तपासणीच नको म्हणताय.

आबा_कराडचे | मंगळवार, संध्याकाळी ६.५०

मी वयानं तुमच्यात सर्वात मोठा असेन, ७१ पूर्ण. टायपिंग हळू होते म्हणून सकाळपासून लिहितोय.

आणीबाणी लागली तेव्हा मी कॉलेजात. २५ जूनच्या रात्री दिल्लीत वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडली हे तुम्ही वाचलं असेल. पण ती वीज कुठल्या कागदावर तोडली? पुढे आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगासमोर निघालं की आदेश तोंडी होते. कुणीतरी कुणालातरी फोन केला आणि अंधार झाला. मला ह्या धाग्यावरून तेच आठवलं. सत्ता मोठी असो नाहीतर चौकातली, तिला तोंडी काम फार आवडतं.

त्याच वर्षी डिसेंबरात आमच्या गावी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत. यशवंतराव चव्हाण तिथे, म्हणजे केंद्रातले मंत्री समोर, आणि बाईंनी आजारी जयप्रकाश नारायणांसाठी प्रार्थना करायला लोकांना उभं केलं. मी मागे, मांडवाच्या कनातीजवळ होतो. उभं राहायचं की नाही हे आधी आजूबाजूला बघून ठरवलं मी, हे आज कबूल करतो. शेजारचे एक प्राथमिक शिक्षक उठले तेव्हा उठलो. सरकारी नोकरी होती त्यांना. बाईंना पुढे अटक झाली. त्या शिक्षकांचं काय झालं मला माहीत नाही, नावही विचारलं नव्हतं.

कोर्टाचंही ऐका. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की आणीबाणीत कुणाला बेकायदा डांबलं तरी दाद मागता येणार नाही. पाचातले चार एका बाजूला, एकटे हंसराज खन्ना विरोधात. त्या चारांत आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड. आणि काळा_कोट ताईंनी ज्या २०१७ च्या निकालाचं लिहिलंय त्यात हा जुना निकाल चुकीचा होता असं कुणी लिहिलं? त्यांच्याच मुलानं, धनंजय चंद्रचूड यांनी. एकेचाळीस वर्षं लागली. घरातल्या घरात सुद्धा.

पण त्याच काळात मुंबई उच्च न्यायालयानं मिनू मसानींच्या 'फ्रीडम फर्स्ट' मासिकाच्या प्रकरणात सेन्सॉरला चांगलं सुनावलं होतं की सरकारवर टीका करणं म्हणजे गुन्हा नव्हे. सेन्सॉरनं काय काय कापलं हे कागदावर होतं म्हणून ते कोर्टापुढे नेता आलं. हा मुद्दा लक्षात ठेवा.

काळा_कोट | मंगळवार, संध्याकाळी ७.१५

आबा, दंडवत. एवढंच जोडते की त्यानंतर ४४ वी घटनादुरुस्ती झाली, १९७८. आता आणीबाणीतसुद्धा कलम २० आणि २१ स्थगित करता येत नाही. 'अंतर्गत अशांतता' हे कारण काढून 'सशस्त्र उठाव' घातलं. आणि आणीबाणी जाहीर करायला मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवावा लागतो. १९७५ ला मंत्र्यांना सकाळी उठवून सांगितलं होतं, सही रात्रीच झालेली.

श्टुटगार्टचा_पाहुणा | मंगळवार, रात्री १०.४०

जर्मनीतून लिहितोय, जरा वेगळी बाजू. इथं आल्यावर दोन आठवड्यांत पालिकेत जाऊन पत्ता नोंदवायला लागतो, नाही नोंदवला तर दंड. त्या फॉर्मवर धर्म विचारतात! का, तर चर्चचा कर पगारातून कापायचा असतो. मी पहिल्या दिवशी हादरलो होतो, म्हटलं आपल्याकडे असं विचारलं असतं तर केवढा गदारोळ झाला असता. म्हणजे 'युरोपात सरकार तुमच्यात नाक खुपसत नाही' हा गैरसमज आहे, इथलं नाक चांगलं लांब आहे.

फरक दुसरीकडे आहे. १९८३ मध्ये इथं जनगणनेवरून लोकांनी रान उठवलं आणि त्यांच्या घटना न्यायालयानं निकाल दिला की आपली माहिती कुणाला आणि कशासाठी द्यायची हे ठरवायचा हक्क माणसाचा. एका खात्याला एका कामासाठी दिलेली माहिती दुसऱ्यानं उचलायची नाही. गेल्या वर्षी मी सहज गंमत म्हणून पालिकेला पत्र टाकलं, की माझ्याबद्दल तुमच्याकडे काय काय लिहिलेलं आहे ते कळवा. तीन आठवड्यांनी पोस्टानं चार पानं आली. त्यात माझी माहिती कुणाकुणाला पाठवली त्याचीही यादी. चौथ्या पानावर माझ्या आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं होतं, ते दुरुस्त करायला आणखी दोन महिने गेले, ते सोडा.

परदेशी_पोहे | मंगळवार, रात्री ११.१५

अमेरिकेत २०१४ मध्ये रायली केस झाली. अटक केलेल्या माणसाचा मोबाईलसुद्धा वॉरंटशिवाय बघायचा नाही, नऊच्या नऊ जजेस एकमत. निकालाच्या शेवटी जवळजवळ असंच लिहिलंय की पोलिसांनी काय करावं ह्याचं उत्तर सोपं आहे, वॉरंट आणा.

पण लगेच हुरळून जाऊ नका, एअरपोर्टवर इमिग्रेशनला हे लागू नाही. तिथं वॉरंट-बिरंट काही नाही, मागितला की द्यायचा. आमच्या ऑफिसमधले लोक भारतात जाऊन परत येताना फोनमधले अर्धे अ‍ॅप काढून टाकतात आणि मग घरी येऊन परत टाकतात. व्हिसावर असताना घटना वगैरे आठवत नाही, फक्त मागे उभी असलेली बायको आणि झोपलेलं पोर आठवतं.

शंकासुर | बुधवार, सकाळी ९.००

मला एक शंका (नावच तसं आहे). सगळं लेखी असलं म्हणजे चांगलंच असतं का? दारूबंदीचा कायदा घ्या. १९४९ चा, अजून चालू आहे महाराष्ट्रात. दारू प्यायला परवाना लागतो, एक दिवसाचा पाच रुपये, देशीचा दोन रुपये, आजन्म हजार रुपये. स्वच्छ लेखी आहे. इथं किती जणांकडे आहे हात वर करा.

भुईमूग | बुधवार, सकाळी ९.०८

माझ्या नवऱ्याकडे आजन्म आहे, लॅमिनेट करून देवघराच्या ड्रॉवरमध्ये ठेवलंय.

झणझणीत | बुधवार, सकाळी ९.२०

दोन रुपयांचा परवाना घेऊन पन्नास वर्षांत कुणी देशी प्यायलाय का, सत्कार करू.

काळा_कोट | बुधवार, सकाळी ९.४५

शंकासुर, प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जो कायदा रोज कुणीच पाळत नाही तो सगळ्यात वाईट, कारण मग अख्खं गाव गुन्हेगार असतं आणि कुणाला पकडायचं हे पकडणारा ठरवतो. लेखी असणं ही पहिली पायरी आहे, शेवटची नाही. पुढं कोर्टानं तो कायदा तपासायला हवा. २०१५ च्या गोवंश कायद्यात परराज्यातून आणलेलं गोमांस नुसतं घरात ठेवणं हाही गुन्हा केला होता. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कत्तलबंदी कायम ठेवली पण ते कलम रद्द केलं. माणूस घरात काय खातो हा त्याचा खासगी मामला, असं त्यात आहे, तेही पुट्टस्वामीच्या एक वर्ष आधी.

आणि लेखी रद्द झालेलं खाली पोचतंच असंही नाही! आयटी कायद्याचं ६६अ आठवतंय ना? २०१२ ला पालघरच्या दोन मुलींना फेसबुक पोस्टवरून (एकीनं लिहिलं, दुसरीनं नुसतं लाइक केलं) अटक झाली त्यात लावलेलं कलम. सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ ला ते रद्द केलं. त्यानंतर कित्येक वर्षं देशभर त्याच कलमाखाली गुन्हे दाखल होत राहिले, २०२१ मध्ये कोर्टानं आश्चर्य व्यक्त केलं. मेलेलं कलम, पण पोलीस ठाण्यातल्या जुन्या पुस्तकात छापलेलं.

गोदाकाठ | बुधवार, दुपारी १.१५

आमच्या जिल्ह्यात मधे दोन दिवस नेट बंद होतं. माझं मेडिकल आहे. दंगल कुठं, माझं गाव कुठं, चाळीस किलोमीटर अंतर. पहिल्या दिवशी लोक येतात, फोनपे चालत नाही, रोख कुणाकडे नाही, मी उधारीवर दिलं, वहीत लिहिलं. एक म्हातारे आजोबा इन्सुलिनला आले, माझ्याकडची संपली होती आणि डिस्ट्रिब्युटरची ऑर्डर अ‍ॅपवरूनच टाकतो आम्ही, फोन केला तर तो म्हणे सिस्टिम बंद. शेवटी तालुक्याला माणूस पाठवला मोटरसायकलवर. ह्या काळात नेट का बंद आहे, कधी चालू होणार, हे कुणालाच माहीत नव्हतं. आदेश कुठं लागलाय का म्हणून विचारलं तर ग्रामपंचायतीत म्हणाले आम्हाला पण व्हॉट्सअ‍ॅपवर कळतं, आणि व्हॉट्सअ‍ॅप तर बंद. आज वर वाचलं की आदेश प्रसिद्ध करावा लागतो. मला हे माहीतच नव्हतं.

बंद करायलाच नको होतं असं मी म्हणत नाही, अफवा खरंच भयानक होत्या. पण उधारीतले अजून साडेतीन हजार यायचेत.

झणझणीत | बुधवार, दुपारी ४.००

सगळे गोडगोड बोलताय पण मूळ रोग कुणी बोलत नाही. २०२५ च्या जुलैत विधानसभेत जनसुरक्षा विधेयक पास झालं तेव्हा किती जण जागे होते? विरोधात बोललेला आमदार बोटावर मोजावा लागला. संघटना बेकायदा ठरवायचा अधिकार सरकारला, मालमत्ता जप्त करायचा अधिकार सरकारला. उद्या शेतकऱ्यांचा मोर्चा काढला तरी...

नेमस्त | बुधवार, दुपारी ४.१२

गडचिरोलीत जाऊन राहा एक वर्ष मग बोल. तिथल्या लोकांना विचार सुरक्षा म्हणजे काय ते.

झणझणीत | बुधवार, दुपारी ४.१५

तिथल्या लोकांना विचारूनच केलाय का कायदा? आणि अरेतुरे नको.

व्यवस्थापक | बुधवार, दुपारी ४.४०

त्यापुढचे सहा प्रतिसाद उडवले आहेत. विषय चांगला चाललाय, पक्षांची नावं घेऊन त्याची माती करू नका. कायद्यातल्या तरतुदींवर बोलायला हरकत नाही.

हवालदाराची_लेक | बुधवार, संध्याकाळी ५.३०

व्यवस्थापक, ह्यात एक तरतुदीचाच मुद्दा आहे म्हणून लिहिते. ते विधेयक संयुक्त समितीकडे गेलं तेव्हा लोकांकडून बारा हजारांवर सूचना-हरकती गेल्या होत्या. आधीच्या मसुद्यात 'व्यक्ती आणि संघटना' असं मोघम होतं, नंतर भाषा बदलून कडव्या डाव्या संघटनांपुरती आणली, तपास फौजदाराकडून काढून डीवायएसपीकडे दिला. झणझणीत म्हणतील पुरेसं नाही, नेमस्त म्हणतील गरजच नव्हती, तुमचं चालू द्या. पण मसुदा समोर आला, लोकांनी लिहून पाठवलं, शब्द बदलले. मी स्वतः एक पोस्टानं पाठवली होती, बाबांच्या अक्षरात, माझं अक्षर वाचवत नाही.

श्टुटगार्टचा_पाहुणा | बुधवार, रात्री ११.३०

आपल्याकडे २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आला ना? मग मी इथं केलं तसं पत्र टाकून सरकारला विचारता येईल का, माझी काय माहिती आहे म्हणून?

काळा_कोट | गुरुवार, सकाळी ८.३०

दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. त्या कायद्यातलं कलम १७ वाचा, देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे कारणांसाठी केंद्र सरकार कुठल्याही सरकारी यंत्रणेला ह्या कायद्यातून सूट देऊ शकतं. म्हणजे किराणा दुकानदारानं माझा नंबर विकला तर कायदा आहे, पण ज्याची खरी भीती त्याला मागचं दार उघडं.

वर आणखी एक गंमत, त्याच कायद्यानं आरटीआयच्या कलम ८(१)(जे) मध्ये बदल केला. पूर्वी वैयक्तिक माहितीसुद्धा व्यापक जनहित असेल तर द्यावी लागायची, तसं त्या कलमातच होतं. आता ते शब्द गेले, 'वैयक्तिक माहिती' म्हटलं की नकार. कलम ८(२) मधला जनहिताचा दरवाजा अजून आहे, पण तो ठोठवायला अपिलात जावं लागणार. लोकांच्या खासगीपणासाठी केलेला कायदा, आणि पडदा मिळाला अधिकाऱ्यांना. २००२ ला महाराष्ट्रानं केंद्राच्याही आधी माहिती अधिकाराचा कायदा केला होता, अण्णांच्या आंदोलनानंतर. तेव्हा मी लॉ कॉलेजला होते, आम्हाला वाटलं होतं की झालं, आता सरकार काचेचं होणार.

आबा_कराडचे | गुरुवार, सकाळी ११.२०

काचेचं झालं की. फक्त काच एका बाजूनं दिसणारी बसवली. आपण आत.

नेमस्त | गुरुवार, दुपारी १२.००

आबा, ह्याला लाइकचं बटण का नाही इथं.

कोयनाकाठ | रविवार, रात्री ८.१५

सगळ्यांचे आभार, अपडेट देतो.

गुरुवारी अर्धा दिवस रजा टाकून गेलो. अर्ज एक पानी, तारीख-वेळ-जागा, विशेषणं सगळी गाळली (हवालदाराची_लेक ताई, तुमचा सल्ला). भाच्याला नेलं नाही, त्याच्या सहीचा अर्ज आणि माझं अधिकारपत्र. आवक-जावकला एक बाई होत्या, त्यांनी वाचला आणि म्हणाल्या, "साहेब नाहीयेत, उद्या या." मी म्हटलं साहेबांना नाही भेटायचं, फक्त पोच द्या. "पोच देत नाही आम्ही." मी तिथंच बाकावर बसलो. भांडलो नाही. पाऊण तास बसलो, समोर भिंतीवर सेवा हमीचा बोर्ड होता तो चार वेळा वाचून झाला. मधे एक शिपाई येऊन कोण, कुठले, विचारून गेला. मग बाईंनी बोलावलं, माझ्या प्रतीवर शिक्का मारला, आवक नंबर टाकला, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "माझा पण मुलगा हॉस्टेलला आहे." एवढंच. मी काय बोलणार.

आरटीआय पण टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्दांच्या आत, एकच विषय. दोनच गोष्टी मागितल्या, त्या रात्रीच्या नाकाबंदीची स्टेशन डायरीतली नोंद आणि वाहनचालकांचे मोबाईल तपासण्याबाबतच्या आदेशाची प्रत. तीस दिवस वाट बघायची.

बहीण माझ्यावर चिडलीय. म्हणते पोराच्या पासपोर्टचं व्हेरिफिकेशन यायचंय पुढच्या वर्षी, तुला कुणी सांगितलं होतं. ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. तिची भीती खोटी आहे असं तिला सांगता येत नाही हेच मला जास्त लागलं.

काळा_कोट | रविवार, रात्री ८.४०

उत्तर काहीही आलं तरी तुमचाच फायदा. आदेश आहे म्हणाले तर तो कोर्टात तपासता येईल, आदेश नाही म्हणाले तर तेही त्यांच्याच लेटरहेडवर आलं. फक्त ३० दिवसांत आलं नाही तर पहिलं अपील टाका, सोडून देऊ नका. आणि ताईंना सांगा, पोच आहे म्हणजे उद्या व्हेरिफिकेशनला कुणी वाकडं वागलं तर तारीखवार दाखवता येईल.

कोयनाकाठ | पुढचा शनिवार, रात्री ११.५०

छोटं अपडेट. आज परत त्याच चौकात नाकाबंदी होती आणि परत भाच्यालाच थांबवलं. आता तो लायसन्सचं कार्ड पाकिटात ठेवतो आणि आरसीची झेरॉक्स डिकीत. कार्ड काढून दिलं. हवालदार वेगळा होता. म्हणाला, "मोबाईल नाही का?" हा म्हणाला, "आहे की साहेब." "मग?" हा गप्प उभा राहिला. त्यांनी कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि परत दिलं. "हेल्मेट घालत जा."

मी फोनवर विचारलं, अरे लेखी द्या म्हणायचं होतंस ना. तर म्हणे, "मामा, पाठ करून गेलो होतो, पण वेळच आली नाही."

शंकासुर | पुढचा शनिवार, रात्री ११.५५

हेल्मेट खरंच नव्हतं का?

कोयनाकाठ | रविवार, रात्री १२.०२

नव्हतं. त्यावरून बहिणीचा वेगळा फोन येऊन गेला.

भुईमूग | रविवार, सकाळी ७.३०

आरटीआयचं उत्तर आलं की ह्याच धाग्यावर टाका, नवीन काढू नका. रुमाल.